महाजन मास्तरांचा समुद्र

"भाऊ, तुम्ही तांबड्या समुद्रात बुडी मारली का कधी?" महाजन मास्तरांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं. बुऱ्हाणपूरच्या शाळेत चित्रकला शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो. नाही म्हणालो. "मीही नाही," ते समाधानानं म्हणाले, आणि आमची मैत्री जमली.

मास्तर भूगोल शिकवत. वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात त्यांनी पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्रतळाशी उतरलेल्या पाणबुड्याचं चित्र पाहिलं, आणि तेव्हापासून त्यांच्या नकाशात बुडी मारण्याच्याच जागा उरल्या. ऑस्ट्रेलिया म्हणजे प्रवाळाची भिंत. मालदीव म्हणजे काचेसारखं पाणी. राजधान्या मुलांना परीक्षेपुरत्याही येत नसत. "राजधानी तं बदलते," मास्तर म्हणत, "समुद्र कुठं जातो भाऊ?"

पुढं राजधानी खरंच बदलली. प्रांत फुटला, नागपूरची राजधानी सुटली, आमचं बुऱ्हाणपूर भोपाळच्या राज्यात गेलं. काही शिक्षकांना मुंबई राज्यात जाण्याची मुभा मिळाली. मास्तरांनी अर्जात लिहिलं, समुद्रकाठची कुठलीही शाळा चालेल.

"तापीच्या राजघाटावर गुडघाभर पाण्यात पाय लटपटतात यांचे," महाजनवहिनी मला म्हणाल्या, "अन् चालले समुद्रात!"

खोटं नव्हतं. मास्तरांना पोहता येत नव्हतं. पण अर्ज गेल्यावर पन्नाशीतला हा माणूस रोज सकाळी तापीत उतरू लागला. कमरेला दोन रिकामे डबे, तोंडात पपईच्या पानाचा पोकळ देठ. पहिल्या दिवशी देठातून हवेऐवजी तापीच आत गेली. नावाड्यानं बखोट धरून वर काढलं, तर खोकत म्हणाले, "तळ दिसला बरं का!" घाटावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा हजर. उन्हाळ्यापर्यंत ते पैलतीराला जाऊन परत येऊ लागले, तेव्हा कुठं हसणं थांबलं.

बदली रत्नागिरीला झाली. स्टेशनवर वहिनी रडत होत्या आणि मास्तर मला भरती-ओहोटी समजावून सांगत होते.

दिवाळीनंतर त्यांचं पत्र आलं. "कोळ्यांच्या होडीतून गेलो आणि बुडी मारली. पाणी इतकं गढूळ, की स्वतःची बोटं दिसली नाहीत. प्रवाळ नाही, रंगीत मासे नाहीत. मुलांना मी सारं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत होतो. ते नुसतं वाचलेलं होतं, हे त्यांना अवश्य सांगा. डोळे अजून चुरचुरतात. उद्या पुन्हा जाणार आहे."

खाली वहिनींच्या अक्षरात एक ओळ होती: "उद्या मीपण होडीत बसते."