सागरगडाच्या उतरणीवर धरलेला हात

भुताखेतांचा विषय निघाला की चहा टाकायला उठून जाणारी मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण घडलं ते असं.

मी किहीमची. सुजाता माझी शाळेपासूनची मैत्रीण. अलिबागजवळच्या खंडाळे गावातून सागरगड चढायचा, हा आम्हा दोघींचा नेम — पावसात धबधबा, थंडीत टोकावरून दिसणारा समुद्र, उन्हाळ्यात करवंदं. नवरे नाहीत, मुलं नाहीत, फक्त आम्ही.

गेल्या श्रावणात भर सकाळी इतकं धुकं, की समोरचं झाड दिसेना. माचीवरून उतरताना शेवाळावर माझा पाय सटकला, घोटा मुरगळला. उभंच राहता येईना. मोबाईलला रेंज नाही.

"तू बस इथेच. मी खालून कुणाला तरी घेऊन येते," म्हणत सुजाता भराभर उतरून गेली.

बऱ्याच वेळाने धुक्यातून तिचा निळा रेनकोट दिसला. एकटीच.

"अगं, कुणीच नाही मिळालं?"

तिने नुसता हात पुढे केला. दमली असेल, म्हटलं. तिच्या आधाराने लंगडत उतरले. वाटभर मीच बडबडत होते. तिचा हात मात्र गार... विहिरीतल्या दगडासारखा.

खालचं पहिलं घर दिसलं आणि हात सुटला. वळून बघते तर वाट रिकामी!

अंगणातल्या काकूंनी मला धरून ओटीवर बसवलं.

"माझी मैत्रीण आत्ता इथेच होती —"

"निळ्या रेनकोटवाली? ती कवाच गेली, रिक्षात बसून. तुम्ही तं एकटीच उतरलाव, ताई."

"काही सांगून गेली?"

"न्हाय. मी इचारलं, दुसरी बाई कुठं हाय? तं म्हनली, एकटीच आले."



संध्याकाळी सुजाताला फोन केला. मी काही सांगायच्या आतच ती रडायला लागली. "तू पडलीस ना, तेव्हा तुझ्या मागे मीच उभी होते गं... माझाच रेनकोट, माझाच चेहरा. मी घाबरले."

"आणि मला तिच्याजवळ सोडून गेलीस? वर त्या काकूंशी खोटं बोललीस?"

तिने फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

माझ्यासोबत कोण उतरलं, हे तोवर मी त्या काकूंपलीकडे कुणालाच सांगितलं नव्हतं. मग सुजाताला कसं कळलं? खरंच दिसलं असेल का तिला? लोक विचारतात, भीती नाही वाटत? त्या गार हाताची नाही वाटत. झोप उडते ती "एकटीच आले" या दोन शब्दांनी.