दैवशालेच्या नडगीतलं मेलेलं हाड

निजामाचं राज्य गेलं, तरी ताडकळसात सल्ला देणाऱ्यांचं राज्य काही खालसा झालं नाही. चतुराबाईच्या लेकीची, दैवशालेची नडगी सुजली, ताप चढला, पू वाहू लागला, आणि या मंडळींची चंगळ झाली. चुलतसासरे सटवाजी हे हाडांचे थोर जाणकार. एकदा त्यांनी बैलाचं मोडलं शिंग बांधलं होतं. त्यांनी पोरीच्या पायावर बिब्ब्याचा चटका दिला. जुनी जखम वाहतच राहिली, शेजारी नवी तेवढी मिळाली.

अखेर चतुराबाईनं पोरीला पाठुंगळी घेतलं आणि परभणीचा दवाखाना गाठायचं ठरवलं.

"डाक्टर पाय तोडील," सटवाजी म्हणाले. "लंगड्या पोरीला कोण करून घेईल?"

"आता तरी कुठं पळायलीय, मामंजी?" म्हणत ती निघाली.

डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे फोटो काढून पाहिला. "आतलं हाड मेलंय. ते काढल्याशिवाय जखम भरणार नाही. पाय मात्र राहील."

पोरीला भूल देऊन त्यांनी नडगी उघडली, हाडाचा पांढराफटक तुकडा काढला, पोकळी खरवडून साफ केली. पुढं पेनिसिलिनच्या सुया झाल्या, आणि हळूहळू जखम भरली.

दैवशाला किंचित लंगडत, पण स्वतःच्या पायांनी गावात आली. सटवाजींनी पारावर जाहीर केलं, आजार चटक्यानंच उतरला होता, डॉक्टरनं नुसती पट्टी बांधली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मात्र त्यानंतर गावात कुणा लेकराचं हाड सुजलं, की सटवाजी पोचायच्या आत चतुराबाई त्या आईला घेऊन परभणीच्या वाटेला लागलेली असायची.