रूपालीने आणलेली बाटली

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी चहा पिताना वाचते आणि हसते, हे आधीच कबूल करते. भूतबीत, अंगात येणं... माझा यावर काडीचा विश्वास नाही. एकोणीस वर्षं नर्सची नोकरी केलीय, बहुतेक सगळी जामखेड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच परतली होती. त्यातली मनीषा – आठवा महिना, पहिलटकरीण. तिला मी नवी बाटली देऊन लघवी तपासायला बोलावलं होतं. गरोदर बाईचं बीपी वाढलं की लघवीतून प्रोटीन जायला लागतं. वेळेत कळलं नाही तर झटके येतात, आणि आई-बाळ दोघंही जाऊ शकतात.

सकाळी अकराला आली ती तिची नणंद रूपाली, हातात बाटली घेऊन.

"वैनीचं डोकं लई दुखतंय, झोपलीय. म्हून म्या आनली."

"आणि तिचं बीपी? ते पण तूच देणार का?" मी खेकसले. डोकं दुखतंय हे मी उन्हावर ढकललं... याची मला आजही लाज वाटते.

तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या, म्हणून जुनी पद्धत – काचेच्या नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. त्याआधी तिघींची तपासली होती, स्वच्छ निघाली. ही मात्र नासलेल्या दुधासारखी पांढरी झाली. अ‍ॅसिडचे थेंब टाकले, तरी गढूळच, म्हणजे प्रोटीन. नळी बदलून पुन्हा केलं – तेच! १०८ची अँब्युलन्स बोलावली, रूपालीला गाडीत बसवलं आणि थेट त्यांच्या वस्तीवर गेले. मनीषाचं तोंड सुजलेलं, बीपी १८०/११०.

"सिस्टर, डोळ्याम्होरं अंधारी येतीय," ती म्हणाली.

नगरला पोचल्यावर सिझर झालं. मुलगी. वजन कमी, पण आवाज खणखणीत. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन तास गेले असते तर अवघड होतं.

बाहेर बाकावर रूपाली एकदम रडायला लागली.

"सिस्टर, मारू नका. बाटलीत वैनीची न्हवती, माझी हुती. वैनी काय उठंना... रिकामी बाटली आनली तर तुमी वरडताल म्हून मीच भरली. म्हनलं लघवीच हाय की, कुनाची का आसंना."

हसावं की कानाखाली द्यावी, कळेना. तिथेच तिची लघवी तपासून घेतली – नितळ. आठवड्याने उपकेंद्रात, त्याच दिव्यावर, त्याच अ‍ॅसिडने... नितळ. डॉक्टर म्हणाले, बाटली घाण असेल. असेलही. पण ती मीच दिली होती, कोरी करकरीत.

आता नव्या मुलींना मी दरडावून शिकवते – नमुना आपल्यासमोरच घ्यायचा. रूपालीची लघवी त्या दिवशी असायला हवी तशी स्वच्छ निघाली असती, तर मी रजिस्टरला 'निल', म्हणजे प्रोटीन नाही, असं लिहून मनीषाला पुढच्या आठवड्यात बोलावलं असतं. टेस्ट चुकली, म्हणून ती जिवंत आहे. कशी चुकली... मला खरंच माहीत नाही.