अण्णांची परवानगी

मैत्रिणींनो, आज जीव फार तुटला, म्हणून लिहितेय.

आमच्या नेरूळच्या देवळात पितृपक्षातल्या अन्नदानाची नोंद मी ठेवते. कोणाच्या माणसाची तिथी कधी, सगळं कॉम्प्युटरवर. काल सॉफ्टवेअर अपग्रेड झालं आणि आज उघडलं तर एकच ओळ, ‘तुम्हाला ही माहिती बघण्याची परवानगी नाही.’ माझ्याच हाताने भरलेली माहिती!

कंपनीत फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, डेटा सेफ आहे. फक्त अ‍ॅडमिनने परवानगी द्यायला हवी.”

अ‍ॅडमिन म्हणजे आमच्या देवळाच्या मंडळातले अण्णा. काम सगळं माझं, पण वडीलधारे म्हणून मान त्यांना दिला होता.

“अहो, अण्णा वारले.”

“मग त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा.”

त्यांचा नंबरही बंद झालाय. नवा अ‍ॅडमिन करायचा, तरी जुन्याचीच परवानगी लागते म्हणे.

तेवढ्यात सारसोळ्याच्या मावशी मासळी विकून आल्या. “ताय, माज्या मानसाची तिथ कंदी हाय?” दरवर्षी मीच बघून सांगते. आज सांगता आली नाही.

गुरुजी म्हणाले, “तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्रीला करा.”

मावशी माझ्याकडे वळल्या. “माजा मानूस काय बेवारशी व्हता का?” म्हणाल्या आणि टोपली उचलून गेल्या.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण मागायचं काय तेच सुचेना.

तुमच्या मंडळात अ‍ॅडमिन कोण आहे? ते हयात आहेत तोवरच परवानगी घेऊन ठेवा.