राणीच्या वहीतले खोटे आकडे

सकाळी भाकरी थापताना मी शेजारी तुरीचे दाणे ठेवायचे. राणीच्या मानेला झटका बसला किंवा घशातून नकळत आवाज निघाला, की एक दाणा वाटीत. दहा वर्षांच्या माझ्या लेकीवर या झटक्यांवरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती, आणि झटक्यांचा रोजचा आकडा मला वहीत लिहायचा होता.

संध्याकाळी ती विचारायची, "माय, आज किती झाले वं?"

वाटीत साठ दाणे असले तरी मी वीस सांगायचे. ती वही वाचते, म्हणून लिहायचेही वीसच. तिचे बाबा गेल्यापासून एवढ्या एका गोष्टीनं ती हसायची.

काल डॉक्टरांचा फोन आला. चाचणी संपली. निम्म्या मुलांना खरं औषध होतं, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. राणीला रिकामी.

"तरी तिच्यात छान सुधारणा दिसतेय, ताई," ते म्हणाले.

मी चौथी शिकलेली, बाकी वाचून वाचून शिकले. माझ्या आकड्यांवरून रिकाम्या गोळीनंही मुलं सुधारतात असं दिसलं, तर खऱ्या औषधावर कोण विश्वास ठेवेल? बाकीच्या लेकरांचं काय?

"काऊन रडून राह्यली वं?" राणी म्हणाली. "मी त बरी होऊन राह्यली न?"

मैत्रिणींनो, तुम्ही काय सांगितलं असतं?

आज सकाळी राणीला घेऊन एसटीनं अकोल्याला गेले, आणि तिच्यासमोरच डॉक्टरांना सांगितलं की वहीतले आकडे खोटे आहेत.