काचेखालची यादी

नाशिकरोडच्या एका खासगी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये मी कामाला होते तेव्हाची गोष्ट. दोन हजार तीन-चार साल असेल... आठवलं की अजून डोकं फिरतं.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलं वाचायचं आणि त्या आजाराचा ठरलेला नंबर आणि नाव फॉर्मवर चढवायचं, हे माझं काम. नंबरांचं जाडजूड पुस्तक होतं, पण ते आमच्या साहेबांच्या कपाटात, कुलपात! आमच्या टेबलाच्या काचेखाली साहेबांनी हाताने लिहिलेली वीस-पंचवीस आजारांची यादी होती... लघवीत काहीही सापडलं की त्या यादीप्रमाणे एकच नंबर, किडनीचा आजार.

एका सोमवारी मखमलाबादकडच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. घरची झेंडूची शेती, मुलगी रंजना आयटीआय झालेली. सातपूरच्या कंपनीत निवड झाली होती, पण आमच्याकडच्या मेडिकलनंतर कंपनीने नाही म्हणून सांगितलं.

"ताई, पोरीची किडनी गेली का वो? डॉक्टर तर काहीच बोलले नाय," बाई म्हणाल्या.

मी फाईल काढली. डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं, लघवीत थोडं प्रोटीन, आठवड्याने पुन्हा तपासा... बस, इतकंच! आणि फॉर्मवर 'किडनीचा आजार'. अक्षर माझं.

रंजना हळूच म्हणाली, "त्या दिवशी ताप होता मला. मेडिकल चुकेल म्हणून गोळी घेऊन आले." नुसत्या तापानेही लघवीत प्रोटीन येऊ शकतं. पण तिला विचारलं कोणी?

मी फाईल साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणाले, "एकदा चढलं की चढलं. कशाला वाढवता?" मग मात्र माझा तोल गेला. सगळ्या स्टाफसमोर ओरडले, "साहेब, किल्ली द्या!"

पुस्तकात होता की नंबर... लघवीत प्रोटीन, आजार ठरलेला नाही! दोन मिनिटांत सापडला. इतकी वर्षं तो कुलपात होता आणि मीही कधी मागितला नव्हता.

पुन्हा तपासणी झाली, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी सहीनिशी दुरुस्तीचं पत्र दिलं. मी काच उचलून ती यादी टराटरा फाडली.

रंजना पत्र घेऊन सातपूरला गेली, तोवर तिच्या जागी दुसरी मुलगी लागली होती.

हे सांगायला ती मुद्दाम आली. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवेल. तर म्हणाली, "ताई, तुम्ही शोधून काढलं म्हणून आईला झोप लागली."

साहेबांवरचा राग केव्हाच ओसरला. पण त्या फॉर्मवरचं माझं ते सुबक, वळणदार अक्षर... त्याचा राग अजून जात नाही. तिने मात्र माझे आभार मानले होते.