टोपलीखालचा डाव

फुलचूरहून निरोप आला तेव्हा मी अंगणात धान वाळवत होती. नणंदबाई गेल्या... यमुनाबाई. त्यांना मी नुसतं बाई म्हणायची. औषधासाठी तिथं बहिणीकडे जायला बंडीत बसताना म्हणाल्या होत्या, "चाल तुही आहे. आल्यावर पायतो."

तेराव्याला लोक म्हणाले, बाई चांगली होती, पण हट्टापायी हरली. तिथं मी बोलली नाही. मी बोलतच नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

बाई लवकर विधवा होऊन माहेरी आल्या. बुद्धिबळ त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती, तरी बाईनं सपरीत, समोरच्या ओसरीवर, पुरुषांपुढं पट मांडावा हे गावाला खपत नव्हतं. गावातले मास्तर हसून म्हणाले, "एक डाव होऊन जाऊ दे बाई. हरलात तर पट माळ्यावर." माझे थोरले भासरे, म्हणजे बाईंचे दादा, "हो" म्हणाले.

मी दाराआडून पाहत होती. मास्तरांचा राजा कोपऱ्यात सापडला. वजिरानं एका चालीत मात होती, मलाही दिसत होती. पण आमच्याकडं वजिराची मात कोणीही देतो, प्याद्याची मात म्हणजे खरा मान. बाईंनी प्यादं सरकवलं. मास्तर निसटले, मग बाईंचा वजीर मारला आणि डाव फिरला.

"काऊन केलं असं?" दादा ओरडले. "मात समोर होती ना!"

बाईंनी स्वतःच पट गुंडाळून माळ्यावर टाकला. आत आल्यावर मला म्हणाल्या, "वजिरानं जितली असती तर म्हणले असते, बाई कशीतरी जितली. मले कशीतरी नव्हतं जितायचं."

आणि दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीतल्या दगडावर खिळ्यानं चौसष्ट घरं कोरायला बसल्या. मी घाबरली. "पट माळ्यावर गेला," त्या म्हणाल्या, "मी नाही गेली. बस इथं." चिंचोके त्यांचे, मोहाच्या बिया माझ्या, राजे सुपारीचे. चौथीपर्यंत शिकलेली मी, हळूहळू खेळायला लागली. पण जिंकली एकदाही नाही... मुद्दाम हरायच्या नाहीत त्या कधी.

शेवटचा डाव टोपलीखाली झाकून ठेवला होता. परवा भासरे पडवीत आले. "हे उचला आता," म्हणाले, "उखळ मांडा इथं."

त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर पुढं ओढला आणि म्हटलं, "थांबा. डाव बाकी आहे."

ते थांबले. मी टोपली काढली. चाल माझी होती; माझ्या राजाला शह होता आणि जायला एकच घर होतं. तिथं सरकवला. मग बाईंच्या बाजूला जाऊन बसली आणि त्यांचं चिंचोक्याचं प्यादं एक घर पुढं केलं.

"मात," मी मोठ्यानं म्हटलं. "प्याद्याची."

भासऱ्यांना खेळ कळतो. बराच वेळ वाकून दगडाकडं पाहत राहिले, कुठं वाट आहे का म्हणून. नव्हती.

उखळ अजून अंगणातच आहे. आज धाकट्या जावेला बोलावलं आहे. चिंचोके मी घेणार.